तुझ्या पिशवीतले एकेचाळीस दिवस

दादा,

बुळकांडीच्या रोगानं आपलं मेंढरांचं खांड बसलं, त्या वर्षी मी पाचवीत होते आणि तू सातवीत. सकाळी रात्रीच्या कोंडणीची, वाघराची, जाळी सोडली की तीन-चार मेंढरं उठायचीच नाहीत. साठ होती, दसऱ्यापर्यंत एकोणीस राहिली. आबा तेव्हा खोकायचे आणि प्यायचे. माय हळदीच्या दिवसांत लोकांच्या रानात जायची, तशाच पिवळ्या हातांनी घरी येऊन भाकरी थापायची, आणि भाकरीवर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उठायचे. आपण ते ठसे आधी खायचो, आठवतं का?

दिवाळीची सुट्टी संपली आणि तू शाळेत गेला नाहीस. कुणी तुला जाऊ नको म्हटलं नव्हतं. तू तुझं दप्तर माझ्यापुढं ठेवलंस आणि म्हणालास, "एकाला मेंढरामागं जावं लागतंय बाई. तुला लई चालता येत न्हाई. तू शाळात बस."

मला तुझ्यापेक्षा जास्त चालता यायचं. हे तुलाही माहीत होतं.

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. गाव म्हणालं, दारूनं गेले. आपणही तेच म्हणत राहिलो. त्यांच्या छातीचा फोटो कुणी काढला नाही, थुंकी कुणी तपासली नाही. आता मला वाटतं, तुला झाला तोच रोग त्यांनाही असेल. पण वाटून काय उपयोग. आपल्या घरात आधी खोकला आला की आधी बाटली, हेच मला आजवर लावता आलेलं नाही.

मी शिकले. हे मी कमीपणानं सांगणार नाही. आपल्या घराण्यात सही करणारं माणूस शोधावं लागायचं, तिथं मी वसमतला राहून बी.ए. केलं. होस्टेलला सोडायला आलास तेव्हा तुझ्या अंगाला मेंढराचा वास होता आणि माझ्या खोलीतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावला होता. तू घोंगडं माझ्या कॉटवर टाकलंस आणि त्या मुलींना म्हणालास, "थंडी वाजली तं तुमी बी घ्या, पण वास फुकट न्हाई." त्या हसल्या. डिसेंबरात त्याच घोंगड्यावरून भांडायच्या.

निकाल लागला तेव्हा तू कळमनुरीच्या बाजारात बोकड घेऊन गेला होतास. बोकड विकायचं सोडून माणसं धरधरून सांगत होतास, "आमची बाई ग्याजवेट झाली." पुढं मी वसमतला शिकवणी वर्गात शिकवायला लागले, तर मला मास्तरीण म्हणायचास. घरात काही अडलं, रेशनचा कागद असो की पोराचा ताप, तुझं एकच, "मास्तरणीला इचारा." मला ते आवडायचं. सगळ्यांनी मला विचारावं आणि मला सगळं माहीत असावं, हे मला फार आवडायचं. आज त्यातूनच हे लिहायची वेळ आली.

दारू तुला कुठून लागली, ते मला माहीत आहे. पीक निघालं की शेतकरी आपल्या मेंढरांना रानात बसवून घेतात. चार-पाच रात्री खांड बसलं की लेंडीनं जमीन कस धरते. त्याची जवारी मिळते. आणि निघायच्या दिवशी शेतकरी खुशीनं बाटली देतो. जवारी घरी यायची, बाटली मेंढरांच्या तळावरच संपायची.

"काहून घेतो रे ती?" मी विचारायची.

"न्हाई म्हणलं तं त्याला वाटतंय आपुन त्याच्या रानावर नाराज हाव. पुढल्या साली बोलवत न्हाई."

मग निघायच्या दिवसाची बाटली रोजची झाली. शेतकऱ्यानं नाही दिली तरी गंगाराम घेऊन यायचा. गंगाराम तुझा जोडीदार, चौदा वर्षं तुझ्यासोबत खांडामागं चाललेला, एका घोंगड्याखाली झोपलेला. तुमचं खाणं एक, पिणं एक. फरक एवढाच होता की तो आधी भाकरी खायचा आणि मग प्यायचा. तू आधी प्यायचास, आणि मग भाकरी तशीच राहायची.

तुझा खोकला सुरू झाला तेव्हा आपलं भांडण लागलं. तू म्हणायचास दारूनं खोकला बसतो. मी म्हणायची दारूनंच खोकला होतो. हे भांडण दोन हिवाळे चाललं. दोघंही आपापल्या जागी पक्के. थुंकी तपासून बघू, असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्या दोघांत एक ग्रॅज्युएट होती.

गेल्या पौषात थुंकीतून रक्त पडलं. तू त्यावर पायानं माती लोटलीस. गंगारामनं मला फोन केला म्हणून कळलं, नाही तर तू सांगणाराच नव्हतास.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी थुंकी घेतली, छातीचा फोटो झाला. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, टीबी आहे, दोन्ही बाजूंना आहे, वर खड्डे पडलेत. मग तुला विचारलं, "दारू किती घेता?"

"थंडीपुरती, साहेब."

"तुमच्याकडं थंडी किती महिने असते?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी तोंड फिरवलं, मला हसू येत होतं.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. टीबी जंतूनं होतो, दारूनं होत नाही. पण रोज पिणाऱ्याच्या अंगाची राखण ढिली पडते. जंतू आत शिरला की त्याला कुणी अडवत नाही. खाणं तुटतं, वजन उतरतं, मग साधा आजार मोठा होतो. तू लक्ष देऊन ऐकलंस आणि म्हणालास, "म्हंजी कुत्र्याला भूल दिली आन् लांडगा शिरला."

"बराबर," डॉक्टर म्हणाले.

"मंग कुत्र्याला मीच पाजली की."

त्या दिवशी आपण तिघंही हसलो. सहा महिन्यांचा कोर्स, रोजच्या तीन गोळ्या, मग सगळं ठीक, असं मी तेव्हा धरूनच चालले होते. सिस्टर घरी येऊन गेल्या. वहिनीला आणि पोरांना तपासून, टीबी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. वहिनीनं तुझं ताट वेगळं केलं होतं, ते त्यांनी परत एकत्र करायला लावलं. खोकल्यावाटे पसरतो, ताटानं नाही, असं त्या म्हणाल्या. वहिनीनं ताट एकत्र केलं पण पेला वेगळाच ठेवला. ते तुला चाललं. म्हणालास, "बरं झालं, माझा पेला आता कुनी हुंगून बघत न्हाई."

आता ती दुपार. मला ती टाळायची होती, म्हणून इतकं लांबून आले.

तळ वसमतकडच्या एका हळदीच्या रानाशेजारी होता. मी तुझी गोळ्यांची पाकिटं घेऊन आले होते. तू कोकरांना जंताचं औषध पाजत होतास, गंगाराम एकेक कोकरू धरून देत होता. आबांनी घालून दिलेली रीत तुम्ही दोघंही पाळायचात. औषध पाजलेल्या कोकराला त्या दिवशी दुसरं काही पाजायचं नाही. एका पोटात दोन औषधं भांडतात.

नळी पुसता पुसता तू म्हणालास, "बाई, एक इचारू? रागावू नको."

"विचार."

"दारू मी सोडून राहिलोच. पण समज एखाद्या दिशी पिलो. तं त्या दिशी गोळीचं कसं करू?"

आधी मी तुला झाडलं. प्यायचीच कशाला, पोरांचं तोंड बघ, वगैरे. तू सगळं खाली मान घालून ऐकलंस आणि परत तेच विचारलंस. "ते समदं खरं हाय. पण पिलोच तं?"

मी म्हणाले, "पिलास त्या दिवशी गोळी घेऊ नको. जहर होईल पोटात."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दारू आणि औषध एकत्र नको, असं कुठंतरी अर्धं वाचलं होतं आणि उरलेलं अर्धं आबांच्या कोकरांचं होतं. फोन माझ्या हातात होता. सिस्टरांचा नंबर त्यात होता. मी लावला नाही. लावला असता तर तुझ्यासमोर आणि गंगारामसमोर दिसलं असतं की मला माहीत नाही.

तू गंगारामला कोपर मारलंस. "ऐकलं का रे गंग्या? ग्याजवेटचा हुकूम हाय."

गंगारामनं मान हलवली. महिन्याभरानं त्याच्याही थुंकीत जंतू निघाला. एकाच बाजूला, थोडा. त्यालाही त्याच गोळ्या सुरू झाल्या.

होळीपर्यंत तू चांगला झाला होतास. गालावर मांस आलं होतं. खोकला मोडला होता. लघवी लाल होते म्हणून पहिल्या आठवड्यात घाबरून मला फोन करणारा तू, आता गंगारामला समजावत होतास, "भिऊ नको, गोळीचा रंग हाय तो." आणि बरं वाटायला लागलं तसा परत प्यायला लागलास. रोज नाही. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. त्या त्या दिवशी गोळी बंद. तू चोरून काही केलं नाहीस, दादा. मी सांगितलं तसंच केलंस. सिस्टर फोनवर "गोळ्या चालू हायेत ना?" विचारायच्या, तू "चालू हायेत" म्हणायचास, आणि तुझ्या हिशोबानं ते खरं होतं.

जेठात तुला उचलून नांदेडला न्यावं लागलं. श्वास पुरत नव्हता, डोळे पिवळे झाले होते. वॉर्डातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या किती दिवस चुकल्या. मी तुझ्या पायाशी उभी होते. तू माझ्याकडं बघितलंस, तसंच, थंडीच्या प्रश्नाला बघितलं होतंस तसं. मग डॉक्टरांना म्हणालास, "माझंच ध्यान नव्हतं, साहेब."

डॉक्टर म्हणाले, "दारू प्यायलात ही एक चूक. त्यासाठी गोळी सोडलीत ही दुसरी. एकीनं रोगाला वाढायला जागा दिली आणि दुसरीनं वेळ."

तिथं बोलायला हवं होतं मी. दोन पावलांवर डॉक्टर होते. मी तुझ्या पायावरची चादर नीट केली.

आणि गोंधळ असा, की त्यांनी लगेच तुझ्या गोळ्या थांबवल्या. लिव्हर सुजलं होतं. उतार पडल्यावर एकेक करून परत सुरू करू म्हणाले. मी बाहेर बाकड्यावर बसून विचार करत राहिले, म्हणजे मी म्हणाले ते खरंही होतं का? दारू आणि गोळी दोन्ही एकाच लिव्हरवर जातात, ते तर आता डॉक्टरही म्हणत होते. मग मी चुकले कुठं? एका नर्सला विचारलं. तिनं सलाईनच्या पिशव्या लावता लावता सांगितलं, "लिव्हरला जपायचं तर दारू सोडायची ना ताई. गोळी काहून सोडायची?" इतकं सोपं होतं ते. चौथीतलं पोरगंही सांगेल.

तुझे कपडे न्यायला मी गावी आले तेव्हा गंगारामकडं गेले. तो दारात बसून दोरी वळत होता. बरा दिसत होता. मी विचारलं, "गोळ्या घेतोस ना रे?"

"घेतो की. परवा आन् तेरवा न्हाई घेतल्या."

"काहून?"

"पिलो व्हतो," तो म्हणाला, आणि वर, "तुमचाच हुकूम की बाई."

त्यानं आत जाऊन न घेतलेल्या गोळ्या आणून दाखवल्या. त्यात त्याला काही चूक वाटत नव्हती. त्यानं नियम पाळला होता.

मी त्याला तसाच उठवला, आरोग्य केंद्रात नेलं, आणि सिस्टरांसमोर सगळं सांगितलं. कोकरं, नळी, तुझा प्रश्न, माझं उत्तर, न लावलेला फोन. बोलताना माझी बी.ए.ची पदवी कुठं होती कोण जाणे. सिस्टरांनी गंगारामचं कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "मला एक फोन लावायचा व्हता बाई." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग गंगारामकडं वळून म्हणाल्या, "ऐका. दारू सोडायची. न्हाई सुटली, पिलात, तं मला येऊन सांगायचं, मी मारत न्हाई. डोळे पिवळे दिसले, जेवण जाईना, तं त्याच दिशी यायचं. पण आपल्या मनानं गोळी सोडायची न्हाई. कुनी बी सांगू द्या."

"ग्याजवेटनं सांगितलं तरी?" गंगारामनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

"तरी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं, थुंकी परत तपासली, आणि चुकलेले दिवस त्याच्या कोर्सला जोडले. त्या दिवसापासून मी गावातच राहिले. शिकवणीच्या बसला जायच्या आधी रोज त्याच्या दारात जायची. तो गोळ्या जिभेवर ठेवून दाखवायचा आणि पाणी पिऊन परत जीभ दाखवायचा. "आमच्या आयनं बी कधी इतकं तोंड बघितलं न्हाई," म्हणायचा.

रविवारी नांदेडला तुझ्याकडं. एका रविवारी मी ठरवूनच आले होते. म्हणाले, "दादा, ते मी गोळीचं सांगितलं होतं ना, ते..." तू हात वर केलास. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो थोडा सरकवून म्हणालास, "बस जाईल तुझी. उद्या शिकवणी हाय." दीड तास होता बसला. तुला माहीत होतं मी काय म्हणणार. का नव्हतं? तुला ऐकायचं नव्हतं, की मला म्हणू द्यायचं नव्हतं? यातलं कोणतं, हे सांगायच्या आधी तू गेलास. श्रावणातला दुसरा सोमवार होता.

तेरावं झाल्यावर वहिनीनं तुझं घोंगडं धुवायला काढलं. त्यात गुंडाळलेली कापडाची पिशवी निघाली. पिशवीत गोळ्या. तू पाकिटातून एकेका दिवसाचा तुकडा लोकर कापायच्या कातरीनं कापून घेतला होतास, तीन-तीन गोळ्यांचा, कडा सरळ. औषध फेकायचं नसतं, म्हणून ठेवले असशील. मी ते ओट्यावर मांडले. एकेचाळीस भरले. एकेचाळीस दिवस तू माझं ऐकलंस.

मग मी वहिनीला सांगितलं. ती घोंगडं पिळत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुमी गोळी घेऊ नको म्हणला. दारू घे म्हणला व्हता काय?"

मला वाटलं, सुटले. ती घोंगडं वाळत घालून परत आली आणि म्हणाली, "पण तुमचं ऐकायचे ते. माझं न्हाई ऐकायचे."

तेव्हापासून मी या दोन वाक्यांच्या मधे उभी आहे. एकेचाळीस दिवस तू गोळी घेतली असतीस तर? एकेचाळीस दिवस तू पिला नसतास तर? ते दिवस तेच आहेत, दादा. एकाच तुकड्यावर तुझी दारूही आहे आणि माझं उत्तरही आहे. कातर घेऊन बसले तरी मला ते वेगळं कापता येत नाही. माय म्हणते, वेळ आली होती. गंगाराम म्हणतो, त्यानं आधी भाकरी खाल्ली असती तर वाचला असता. गाव म्हणतं, दारूनं गेला, जसं आबांचं म्हणालं तसं. मी कुणाला खोडत नाही. कधी तुझा राग येतो, की सोडली का नाहीस. राग अर्ध्यावर असतानाच ते दप्तर आठवतं, आणि मग रागानं कुणाकडं जावं तेच त्याला कळत नाही. डॉक्टरांपासून तू मला वाचवलंस, त्याचे आभार मानू की त्यासाठी तुझ्याशी भांडू, हेही कळत नाही. तू खरं सांगितलं असतंस तर मला तिथंच रडता आलं असतं.

शिकवणीत पोरं मला प्रश्न विचारतात. परवा एकीनं विचारलं त्याचं उत्तर मला येत नव्हतं. मी म्हणाले, मला माहीत नाही, विचारून सांगते. पोरांनी वह्यांतून माना वर केल्या. मला हे वाक्य बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

सिस्टरांना मी ते एकेचाळीस तुकडे परत दिले. एक ठेवला असता, पण औषध घरात ठेवायचं नाही म्हणाल्या, म्हणून तोही दिला. पिशवी धुतली. ती खुंटीला आहे.

आणि आता जे सांगायला बसले ते. नांदेडहून मी आले त्यानंतर गंगाराम चार वेळा पिला. चारही वेळा सकाळी स्वतः सिस्टरांकडं जाऊन सांगून आला. शेवटच्या महिन्यात पिला नाही. निघायच्या दिवशी शेतकऱ्यानं बाटली पुढं केली, तर त्यानं जवारीच थोडी जास्त मागून घेतली. काल त्याचा जोडलेल्या दिवसांसकट कोर्स पूर्ण झाला. आज तपासणीचा कागद आला. थुंकीत जंतू नाही. त्याच्याकडं एकही गोळी उरलेली नाही.